शब्दांच्या छटा पोरांना कशा शिकवायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आठवी ते दहावीला मराठी शिकवते. मराठीच्या शिक्षकांच्या ग्रुपवर, पालकसभेत, कधी कधी तर भाजी घेताना सुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. क्रमाला काही अर्थ नाही, पाहिजे तो प्रश्न वाचा.

छटा म्हणजे नक्की काय? अर्थ वेगळा आणि छटा वेगळी असं असतं का?

असतं की. समजा शेजारचे आजोबा गेले. तलाठ्याच्या कागदावर ते 'मयत' होतात, पेपरात 'दुःखद निधन' येतं, चौकातल्या डिजिटल बोर्डवर 'भावपूर्ण श्रद्धांजली', काकू फोनवर सांगते 'अगं, आजोबा गेले', मुलगा ऑफिसात साहेबांना सांगताना म्हणतो 'वडील ऑफ झाले', आणि ज्याचं त्यांच्याशी बांधावरनं वर्षानुवर्षं भांडण होतं तो म्हणतो 'मेला एकदाचा'. घडलंय एकच. पण प्रत्येक शब्दातनं बोलणारा कोण, मेलेल्या माणसाशी त्याचं काय नातं आणि ऐकणाऱ्याला तो किती जवळचा समजतो हे सगळं बाहेर येतं. समानार्थी शब्दांच्या यादीत मात्र हे सगळे एका ओळीत, जणू कुठलाही उचला आणि कुठंही बसवा. यादीत जे येत नाही ती छटा.

शब्दशक्ती पुस्तकात आहेच की, मग हे वेगळं कशाला?

वेगळं नाहीच, फक्त आपण ते उलट्या बाजूनं शिकवतो. अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ बसत नाही म्हणून घेतलेला जवळचा अर्थ, व्यंजना म्हणजे सरळ अर्थ बसतोय तरी आतनं दुसरंच काहीतरी सुचतंय. आनंदवर्धन नावाच्या काव्यशास्त्रकारानं नवव्या शतकात काश्मिरात ध्वनीचा, म्हणजे कवितेतनं सुचणाऱ्या अर्थाचा, विचार मांडला तेव्हा त्याच्यापुढं जिवंत कविता होती, आपल्या पोरांपुढं तीन व्याख्या आणि 'सूर्य अस्ताला गेला' एवढं एकच उदाहरण असतं, गुराख्याला गुरं वळवायची वेळ झाली आणि पुजाऱ्याला आरतीची, हे पाठ करून पोरगं मार्क घेतं आणि पत्र लिहिताना मुख्याध्यापकांना 'मला रजा पाहिजे' लिहून मोकळं होतं. त्याला व्यंजनेची व्याख्या येते, पण 'पाहिजे' आणि 'मिळावी' यातला फरक आपण त्याला कधी दाखवलेलाच नसतो. आधी असे फरक कानाला लागू द्यात, व्याख्या शेवटी सांगितली तरी चालते, तेव्हा ती दोन मिनिटात कळते.

कितवीपासून सुरू करावं?

पाचवीपासून करायला हरकत नाही. लहान पोरांना 'गिळ', 'खा', 'जेव', 'जेवून घे बाळा' हे चार प्रकार आईच्या आवाजात म्हणून दाखवा, आई कधी कुठलं म्हणते ते तीच सांगतील. छटा हा शब्द पण वापरायची गरज नाही.

पहिला तास कसा घ्यायचा? एखादं हमखास चालणारं उदाहरण सांगा ना.

फळ्यावर एकच शब्द लिहा: वास. चांगला का वाईट विचारा. वर्गात लगेच दोन तट पडतात, कुणी म्हणतं वाईट, कुणी म्हणतं तसं काही नाही. भांडू द्यात थोडं. मग तीन वाक्यं म्हणा, 'दुधाला वास येतोय', 'रस्श्याला वास सुटलाय', 'मोजे वास मारतायत'. पहिल्याला आणि तिसऱ्याला नाकं मुरडतात, दुसऱ्याला डबा आठवतो. आता विचारा, शब्द तोच, मग बदललं काय? क्रियापद. वास 'सुटला' की भूक लागते, 'मारला' की खिडकी उघडायची.

खरी मजा याच्या पुढं आहे. कुणीतरी हुशार पोरगी हात वर करून म्हणणारच की बाई, मग 'दुधाचा वास येतोय' म्हटलं तर? बरोबर. 'दुधाचा वास येतोय' म्हणजे कुठंतरी दूध तापतंय, आणि नुसतं 'दुधाला वास येतोय' म्हणजे नासलं, ओता. एका प्रत्ययानं दूध नासतं मराठीत. 'तोंडाला वास येतोय' पण तसंच. आणि 'मातीचा वास आला' म्हटलं की सगळ्यांना वळीव आठवतो. इथं पोरांना पहिल्यांदा कळतं की छटा एकट्या शब्दात चिकटून बसलेली नसते, आजूबाजूचे शब्द, विभक्ती, क्रियापद सगळे मिळून ती तयार करतात. 'वास = वाईट, सुगंध = चांगला' अशी दोन ओळींची नोट दिली असती तर हे कधीच हाताला लागलं नसतं.

उरलेल्या दहा मिनिटात सुगंध, दरवळ, घमघमाट, कुबट, उग्र, दर्प हे शब्द द्यायचे आणि प्रत्येकाची जागा शोधायला सांगायची. कुबट पावसाळ्यातल्या न वाळलेल्या कपड्यांपाशी जातं, दरवळ रातराणीपाशी. कांडपातनं चटणी कुटून आणल्यावर घरात जे होतं त्याला यातला एकही शब्द लागत नाही, त्याला ठसका म्हणतात, हे पोरंच सांगतात.

चांगले शब्द आणि वाईट शब्द असे दोन रकाने केले की झालं ना?

नाही झालं. वर्कशीटमध्ये सगळीकडे हेच असतं, मला ते अजिबात आवडत नाही. चार्ल्स ऑसगुड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये शब्दांबद्दलच्या भावना मोजायची एक पद्धत मांडली, त्यात चांगलं-वाईट ही फक्त एक बाजू निघाली, दुसरी होती शब्दात जोर किती, आणि तिसरी त्यात हालचाल किती. वर्गात हे शब्दशः करायची गरज नाही पण डोक्यात असू द्यावं.

जोर शिकवायला आपल्याकडं कुस्ती आहे. खासबाग मैदानातली एकच कुस्ती घ्या आणि हेडिंगं बनवायला सांगा. 'गुणांवर मात केली', 'हरवलं', 'चितपट केलं', 'लोळवलं', 'अस्मान दाखवलं', 'धूळ चारली'. निकाल सगळ्यात एकच, जिंकणारा पण तोच. 'गुणांवर मात' वाचून पैलवानाची आई सुद्धा टाळी वाजवणार नाही, आणि 'धूळ चारली' मध्ये जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याचा अपमान जास्त ऐकू येतो. मग विचारायचं, हरलेला पैलवान तुमच्याच तालमीचा असला तर कुठलं हेडिंग द्याल? लगेच 'निसटता पराभव', 'कडवी झुंज', 'नशिबानं साथ दिली नाही' असली वाक्यं येतात. फुटबॉलच्या सीझनमध्ये तर हे शिकवायलाच लागत नाही, दोन पेठांची पोरं एका बाकावर असली की एकाच मॅचचे दोन रिपोर्ट आपोआप तयार होतात.

दुसरा खेळ उतरंडीचा. स्वाभिमान, रुबाब, ऐट, तोरा, गुर्मी, माज हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून गटाला द्यायचे आणि क्रम लावायला सांगायचा. दोन गटांचा क्रम कधी एक येत नाही. रुबाब वर का ऐट वर यावर भांडणं होतात आणि ती होऊ द्यायची, इथं उत्तरसूची नसते. एक अट मात्र घाला, आपला क्रम सांगताना प्रत्येक शब्दाचं एक वाक्य द्यायचं आणि त्यात माणूस ओळखीचा पाहिजे. 'बुलेटवर काय रुबाबात आलाय' आणि 'बुलेट घेतली तवापासनं माज आलाय त्याला', गाडी तीच आहे बघा.

'मी ठाम, तू हट्टी' हा खेळ काय आहे?

हा ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचा, १९४८ मध्ये बीबीसी रेडिओच्या कार्यक्रमात त्यानं गमतीनं क्रियापद चालवल्यासारखं चालवलं होतं: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो आडमुठा आहे. स्वभाव एकच, फक्त माणूस लांब गेला की शब्द घसरतो. मराठीत याला तोड नाही कारण आपल्याकडं लांबच्या माणसाला ठेवायला शब्द भरपूर. मी काटकसरी, तू चिकट, तो कवडीचुंबक. मी स्पष्ट बोलतो, तू फटकळ, तो तोंडाळ. मी चौकशी केली, तू भोचकपणा केलास, त्यानं नाक खुपसलं. मुलांनी केलेल्यातला मला आवडलेला म्हणजे 'मी अभ्यासाचं नियोजन करतोय, तू टाइमपास करतोस, तो उनाडक्या करतो'.

खेळ संपला की उलट दिशेनं न्या, हे महत्त्वाचं. 'तो' च्या जागी ठेवलेल्या माणसाला 'मी' च्या जागी आणून परत वाक्य लिहायला सांगा. वर्गात ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबद्दल एक वाक्य लिहायचं (नाव न घेता) आणि मग तेच वाक्य तो स्वतःबद्दल कसं लिहील ते. पोरं शांत होतात जरा.

कोल्हापुरी बोली वर्गात आणायची का? पोरांची भाषा बिघडणार नाही का?

आणायचीच, कारण छटांचं सगळ्यात तयार ज्ञान पोरांकडं त्याच भाषेत आहे. 'खुळा' घ्या. 'नाद खुळा' म्हणजे कौतुकाचं टोक, 'खुळ्यागत काय करालायस' म्हणजे आई चिडलीय, 'खुळं हाय ते' म्हणजे माया पण असू शकते आणि कीव पण. हे सातवीतल्या पोराला न शिकवता बरोबर वापरता येतं. 'लेका' मित्राला म्हटलं तर जवळीक, सरांना म्हटलं तर ऑफिसात बोलावणं. 'ओरपणे' इतर ठिकाणी कुणाच्या जेवणाबद्दल म्हटलं तर त्याला राग येईल, आपल्याकडं 'तांबडा ओरपला बघ' ही पावती आहे, रस्सा करणारीला सुद्धा ऐकायला आवडते. म्हणजे छटा गावावर पण अवलंबून असते, हा मोठा मुद्दा पोरं फुकटात शिकतात.

आमच्याकडं मुली 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात, बाहेरच्या लोकांना हसू येतं, इथं त्याच्यात काही विशेष नाही. हे वर्गात मुद्दाम काढायचं: तू हे वाक्य पुण्याच्या कॉलेजात म्हटलंस तर समोरच्याला तुझ्याबद्दल काय वाटेल, आणि मावशीकडं गेल्यावर 'मी जेवले' म्हटलंस तर मावशीला काय वाटेल? दुसऱ्याचं उत्तर हमखास येतं, 'शिष्ट झालीय म्हणेल'. बरोबर-चूक हा वाद इथं गैरलागू आहे, दोन्ही वाक्यांचा परिणाम माहीत असला म्हणजे झालं, कुठं कुठलं म्हणायचं ते तिचं ती ठरवेल.

आणि 'अशुद्ध' हा शब्द वर्गात वापरू नका प्लीज. त्याच्यात विटाळ आहे. आजीच्या भाषेला अशुद्ध म्हटलं की पोराला आजीच कमी वाटायला लागते. 'बोली' म्हणा, 'घरची भाषा' म्हणा. 'रांगडी' बद्दल मात्र माझं मत अजून पक्कं होत नाही, टीव्हीवाले 'रांगडी कोल्हापुरी भाषा' कौतुकानंच म्हणतात पण एकदा वर्गात विचारून बघा, तुमच्या आत्याचं बोलणं रांगडं आहे म्हटलं तर आत्याला आवडेल का. उत्तरं बघण्यासारखी असतात.

तू, तुम्ही, आपण हे पण यातच येतं का?

येतं, आणि इंग्रजीतनं उचललेल्या वर्कशीटमध्ये हे सापडणारच नाही. आईला 'तू', वडलांना बऱ्याच घरात 'तुम्ही', आणि अंबाबाईला परत 'तू'. म्हणजे एकेरी म्हणजे अनादर हा नियम टिकत नाही, जवळीक जिथं अगदी पक्की तिथं पण एकेरीच येतं. उलट नेहमी 'तू' म्हणणारी मैत्रीण अचानक 'तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला काय कमी' म्हणाली की समजायचं बिनसलंय. 'शाहू महाराज म्हणाले' ऐवजी उत्तरपत्रिकेत 'शाहू म्हणाला' लिहून बघा, माहितीत एका अक्षराची चूक नाही तरी कोल्हापुरात पेपर तपासणाऱ्याचा पेन तिथंच थांबेल.

शब्दांनी खरंच एवढा फरक पडतो का? काही पुरावा आहे का?

आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि गाड्या किती स्पीडनं होत्या ते विचारलं. सगळ्यांना प्रश्न एकच, फक्त क्रियापद वेगवेगळं. ज्यांना गाड्या 'जोरात आदळल्या तेव्हा' असं विचारलं त्यांचा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून जरा जास्त आला, ज्यांना नुसतं 'एकमेकींना टेकल्या तेव्हा' अशा अर्थाचं क्रियापद दिलं त्यांचा ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं परत बोलवून विचारलं की फुटलेल्या काचा दिसल्या का. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी 'आदळल्या' वाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा 'धडकल्या' सारखा शब्द ज्यांना दिला होता त्या ५० पैकी ७.

वर्गात हे सांगायच्या आधी करून बघा. एखाद्या भांडणाची छोटी क्लिप दाखवा, अर्ध्या वर्गाला 'त्यानं किती वेळा ढकललं' विचारा आणि अर्ध्याला 'किती वेळा हात लावला'. मग उत्तरं फळ्यावर मांडा. लॉफ्टसबाईंच्या आकड्यांइतकं स्वच्छ येईलच असं नाही, पण चर्चा पेटते.

बातम्या वापरल्या तर चालतील का? राजकारण घुसतं ना.

राजकारणाच्या बातम्या सोडा, पुराच्या घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. हे शब्द कुणीतरी विचार करून ठेवलेत, 'इशारा' ऐकून माणूस वरच्या माळ्यावर सामान टाकायला लागतो आणि 'धोका' ऐकून घर सोडायच्या तयारीला. पोरांना विचारा, 'पातळी एक' आणि 'पातळी दोन' अशी नावं असती तर चिखली-आंबेवाडीतली माणसं वेळेवर हलली असती का.

मग 'विसर्ग'. राधानगरी धरणातनं 'विसर्ग वाढवला' आणि 'पाणी सोडलं' यात काय फरक? 'पाणी सोडलं' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणी सोडलं? 'विसर्ग' मध्ये कुणीच नसतं, तो आपला आपण होतो. सरकारी भाषेचा हा हातखंडा आहे, माणूस गाळायचा आणि संस्कृत शब्द ठेवायचा. 'स्थलांतर करण्यात आले' आणि 'घर सोडावं लागलं', 'पूरबाधित' आणि 'पूरग्रस्त' या जोड्या पण काढा. आणि शहरातल्या लोकांची 'पूर बघायला जाऊया' ही जी हौस असते, शिवाजी पुलावर गर्दी करून, तीच ओळ पुरात सापडणाऱ्या शिरोळच्या पोरीला वाचायला द्या. ज्या वर्गात २०१९ किंवा २०२१ ला घरात पाणी आलेली पोरं आहेत तिथं जरा जपून, त्यांना आधी बोलू द्यायचं किंवा गप्प बसू द्यायचं, उदाहरण म्हणून वापरायचं नाही.

दुसरं चांगलं प्रकरण चपलांचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या, आधी कोल्हापूरचं नाव नाही, नंतर ओरड झाल्यावर भारतीय हस्तकलेतनं प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. 'प्रेरणा घेतली', 'उचललं', 'नक्कल केली', 'ढापलं', 'चोरलं'. प्रत्येक शब्द वापरणारा कोण असेल? चांभारगल्लीतला कारागीर, कंपनीचा वकील, व्यापाऱ्यांच्या चेंबरमधली माणसं, इन्स्टावरचा पोरगा. या एका प्रश्नावर आख्खा तास जातो आणि शेवटी पोरांना कळतं की नुसता शब्द निवडला तरी बाजू घेतली जाते.

माझी मुलगी निबंधात 'नयनरम्य', 'अवर्णनीय', 'मंत्रमुग्ध' असलेच शब्द घालते. चांगले शब्द आहेत ना?

गाईडमधले आहेत. आमच्या रंकाळा तलावावर निबंध द्या, चाळीस पोरांत संध्याकाळ 'नयनरम्य' आणि वारा 'आल्हाददायक' नसलेला एक निबंध सापडला तर नशीब. अवर्णनीय लिहिणं म्हणजे तर सरळ हात वर करणं, वर्णन करायला सांगितलंय आणि तू म्हणतेस होत नाही.

यावर माझा एकच उपाय. जड शब्द खोडायचा आणि तिथं काय दिसलं ते लिहायचं. 'रंकाळ्याचे नयनरम्य दृश्य पाहून मी मंत्रमुग्ध झाले' चं एका मुलीनं असं केलं: 'भेळेचा कागद हातात तसाच राहिला आणि शालिनी पॅलेसच्या मागं ऊन गेलं तरी आईला घरी जाऊया म्हणावंसं वाटेना.' यात भावनेचा एकही शब्द नाही. मोठी भावना साध्या शब्दात जास्त जोरात लागते, हे ज्याला दहावीपर्यंत कळलं त्याला पुढं काही शिकवायला नको.

पण उलटा अतिरेक पण नको. सगळंच कोरडं लिहिलं की ते पंचनाम्यासारखं होतं.

शिव्या, टोपणनावं, जातीवरनं बोलणं हे विषय वर्गात निघाले तर?

निघतातच. शिव्यांवर तास घेऊ नका, पण पोरांनी विचारलं तर तोंड पण चुकवू नका. 'ढ', 'जाड्या', 'बुटका' ही वर्गातली नावं चेष्टेत आहेत असं म्हणणारं पोरगं नेहमी नाव ठेवणारं असतं, ठेवून घेणारं नसतं, एवढं एक वाक्य पुरतं.

शब्द बदलल्यानं काय होतं हे दाखवायला अपंग, विकलांग, दिव्यांग हा प्रवास बघा. 'दिव्यांग' डिसेंबर २०१५ मध्ये 'मन की बात' मधनं पंतप्रधानांनी सुचवला आणि तो रूढ झाला, पण अपंगांच्या हक्कासाठी काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी तेव्हाच विचारलं की दिव्य काय आहे यात, आम्हाला रॅम्प द्या. दोन्ही बाजू पोरांपुढं ठेवा. तसंच महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, पत्ता सांगताना जात सांगावी लागणं म्हणजे काय हे ज्या पोरानं अनुभवलंय त्याच्याइतकं नीट कुणी समजावू शकत नाही, पण त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारायचं नाही. आणि मुलींसाठी 'छेडछाड'. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्त्रियांबद्दलच्या साचेबंद शब्दांवर न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली, त्यात छेडछाडीसाठी वापरला जाणारा खेळकर इंग्रजी शब्द सोडून सरळ लैंगिक छळ म्हणा असं सुचवलंय. आपलं 'छेडछाड' पण तसंच, ऐकायला खोडी काढल्यासारखं वाटतं.

इंग्रजी मीडियमच्या पोरांना हे जड जातं का?

शब्द कमी असतात, कान मात्र चांगला असतो. त्यांच्याकडनं एक वेगळीच गोष्ट शिकायला मिळते, आपण इंग्रजी शब्द पडद्यासारखा वापरतो. 'लूज मोशन' म्हटलं की चारचौघात बोलता येतं, 'हगवण' म्हटलं की नाही. 'वॉशरूम' आणि 'संडास' तसंच. 'प्रेग्नंट आहे', 'गरोदर आहे', 'दिवस गेलेत', 'पोटुशी आहे' यांचा क्रम लावायला सांगा, आणि 'गाभण' फक्त जनावरांना का म्हणतात हे गावाकडच्या पोराकडनं शहरातल्या पोराला समजावून घ्या. अशा गटात इंग्रजी मीडियमवालं पोरगं मागं पडत नाही, त्याला उलट प्रश्न जास्त पडतात.

परीक्षेत याचा उपयोग काय? मार्क कसे द्यायचे?

रसग्रहणात भाषिक वैशिष्ट्यांचा मुद्दा असतो, तिथं 'कवीने सुंदर शब्द वापरले आहेत' ऐवजी 'इथं कवीनं अमुक न म्हणता तमुक का म्हटलं' एवढं एक वाक्य आलं तरी उत्तर उठून दिसतं. औपचारिक पत्र, बातमी, जाहिरात यात तर सगळा खेळच छटेचा आहे. शाळेच्या चाचणीत मी एक वाक्य देते, त्यातला एक शब्द बदलायला सांगते आणि काय बदललं ते दोन ओळीत लिहायला. मार्क शब्दाला देत नाही, कारणाला देते. कारण पटलं तर माझ्या मनातलं उत्तर नसलं तरी पूर्ण मार्क.

मोबाइलवर एआयला विचारून समानार्थी शब्द टाकले तर?

टाकू द्यात की. यादी तिथनं आणायची, पण मग प्रत्येक शब्द घरातलं कोण कुणाला म्हणेल हे लिहायचं. ते मोबाइलला माहीत नसतं.

पालकांनी घरी काय करायचं?

वेगळं काही नाही. जेवताना टीव्हीची बातमी चालू असते तेव्हा एखाद्या हेडिंगवर विचारा, 'हाच शब्द का घातला असेल?' आणि उत्तर आलं की गप्प बसा, त्याच्यावर लेक्चर देऊ नका. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याकडं शब्दांचा साठा आपल्यापेक्षा जास्त आहे, 'कळकट', 'गबाळं', 'अजागळ' यातला फरक आजी जो सांगेल तो कुठल्याही डिक्शनरीत नाही.

हे सगळं करायला तास कुठनं आणायचे? सिलॅबस कधी संपायचा?

वेगळा तास नकोच. हजेरी झाली की पाच मिनिटं, फळ्याच्या कोपऱ्यात एक जोडी, दिवसभर तिथंच राहू द्यायची. बारीक, सडपातळ, हडकुळा, काटक. हुशार, चलाख, बेरकी, इरसाल. मधल्या सुट्टीत पोरं स्वतः खाली एखादा शब्द वाढवून जातात, पुसू नका. धडा शिकवताना लेखकाचा एखादा शब्द झाकून 'इथं काय असेल?' विचारा, हे तर धड्यातच होतं, जादा वेळ लागत नाही. दिवाळीनंतर जोड्या आणायचं काम पोरांवर सोपवा, एकेका बाकाला एकेक दिवस.